नत्थूचं घरचं मरण

धुई अशी पडली होती, की बांधावर उभं राहावं तर आपलेच पाय आपल्याला दिसू नयेत. तलावाची पाळ कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते पाण्यातल्या बगळ्यालाच ठाऊक. बेबीबाई लाखोरीत कमरेतून वाकली होती. इकडे उभं धान कापायच्या आधीच त्यात लाखोरी फेकून देतात. धान निघून गेलं की मागं राहिलेल्या ओलीवर ती आपली आपण वाढते. ना नांगर मागते, ना पाणी. पोरकं पीक आहे, असं बेबीबाई म्हणायची. जानेवारी लागला की त्याचे कोवळे शेंडे खुडायचे, थोडे त्याच दिवशी कण्या घालून शिजवायचे, बाकीचे उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायचे. दवानं तिची बोटं बधिर झाली होती. ओटीतली भाजी लुगड्यातून पोटाला गार लागत होती. पण हात चालू होते, कारण ऊन चढलं की शेंडे माना टाकतात.

तिचं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठचं. लग्न होऊन साकोलीच्या आतल्या या गावात आली, तेव्हा सासूनं तिला पहिली गोष्ट शिकवली ती तुडूम ओलांडायची. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं तोंड. त्याच्यावर एक शेवाळलेली फळी, खाली खळाळतं पाणी, आणि रोवणीच्या दिवसांत साऱ्या बायांना त्याच फळीवरून पलीकडे जायचं असतं. बाया एकमेकींना धरून जातात, पण पंज्यात पंजा घालून नाही. मनगटाला मनगट धरतात. "पंजा घसरते, मनगट नाई घसरत," सासू म्हणायची. "आपन तिले धरावं, तिनं आपल्याले धरावं. एकीचा सुटला तरी दुसरीचा रायते."

तिचा नवरा नत्थू याच फळीवर लहानाचा मोठा झाला आणि हीच पकड घेऊन समुद्रावर गेला.

भंडाऱ्याच्या माणसाला समुद्राचं काय पडलं, असं गावानंही विचारलंच होतं. त्याचं असं झालं, की गावचा टिकाराम कोकणात एका समुद्रकाठच्या लॉजवर आचारी होता. एका साली दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपली, रात्रभराचं नाटक झालं, पाहुणे पांगले, आणि टिकाराम नत्थूला बरोबर घेऊन गेला. सामान उचलायचं, झाडायचं, पाणी भरायचं, एवढंच काम. पण एकदा एक जाडजूड बाई पाण्याच्या काठाशी उभी राहून रडू लागली. तिला समुद्रात जायचं होतं आणि पाऊल उचलत नव्हतं. नवरा हसत होता, पोरं हसत होती. नत्थूनं जाऊन मनगट पुढं केलं आणि म्हणाला, "धरा जी. आमच्या तुडुमापेक्षा सोपं आहे." बाई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन लेकरासारखी खिदळली. तेव्हापासून लॉजच्या मालकानं, आनंदरावानं, त्याला झाडू धरू दिला नाही. घाबरणाऱ्या पाहुण्यांना लाट दाखवायची, हेच त्याचं काम झालं.

आणि ते काम धानाशी जुळलंही नेमकं. पाऊस लागला की समुद्र बंद आणि शेत चालू. धान घरात आलं, मंडई झाली की शेत बंद आणि समुद्र चालू. गावातले टवाळ म्हणायचे, नत्थ्या बायायचे हात धराचे पैसे घेते. बेबीबाई पिठाचे हात झटकत त्यांना ऐकवायची, "घेऊ द्या न बाप्पा. माहा हात धराले इथं त्याले टाइम कुठी असते."

त्याच्या नाकपुडीला एक बारीक भोक होतं. थोरल्या भावानंतरची, भय्याजीनंतरची, दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं याचं नाक टोचून नथ घातली, मरणाला वाटावं पोरगी आहे, आणि नाव ठेवलं नत्थू. मरण फसलं. चांगलं पन्नाशीपर्यंत फसलं.

मग तो रोग आला. पहिल्या साली समुद्रकाठ ओस पडला. नत्थू कसाबसा घरी आला, गावानं त्याला शाळेत ठेवलं, पोरं लांबून दगड मारावं तसं बोट दाखवायची, समुद्रावाला, समुद्रावाला. ते सरलं. धान झालं. आणि डिसेंबरात आनंदरावाचा फोन आला, की पाहुणे परत सुरू झाले, असे सुरू झाले की खोल्या पुरत नाहीत, ये. बेबीबाई नको म्हणाली. तो म्हणाला, घरी बसून घाबरलेले लोक आहेत, आता तर त्यांना मनगट जास्तच लागेल.

तिथं गेल्यावर रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि रोज आवाज थोडा खाली गेलेला असायचा. पाहुणे तेच, पण त्यांची चाल बदलली होती. पूर्वी येताना विचारायचे, गर्दी कुठं असते, मजा कुठं असते. आता गाडीतून उतरायच्या आधी विचारायचे, कुणीच नसतं अशी जागा कुठं आहे. बस नाही, रेल्वे नाही, ज्याची त्याची गाडी. खाटेवर आपलीच चादर, त्याआधी फवारा. लांब टेबलावर अनोळखी माणसं एकमेकांना मासळीचा काटा काढून द्यायची, ते टेबल आनंदरावानं मागं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेऊन ठेवलं होतं. ताटं आता दाराशी ठेवून, दार वाजवून, मागं सरकायचं. आणि हात कुणीच देत नव्हतं.

"माणसं समुद्रावर येऊन रायले, मंगेशची माय," तो म्हणाला होता, "पन समुद्रात नाई येऊन रायले."

मंगेश म्हणजे त्यांचा मुलगा, नागपूरला कंपनीत असलेला. त्याच्या नावानंच नवरा-बायको एकमेकांना हाका मारत आले होते.

पुढं आनंदरावानं एक दोर आणला. त्याचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं टोक घेऊन नत्थूनं पाण्यात उभं राहायचं, आणि पाहुण्यांनी मधला दोर धरायचा. नत्थू हसत सांगायचा, आता मी बैल झालो. पण ते हसू फोनमधून येताना ओलं होऊन यायचं. एकाच गोष्टीनं त्याचा आवाज वर यायचा. नागपूरचं एक कुटुंब दर साली यायचं, त्यांची मोना नावाची पोरगी, पाच वर्षांची. तिला तिच्या आईबापाबरोबर समुद्र नको असायचा, काकाबरोबरच हवा असायचा. आपल्या बोडीतल्या, शेताच्या तळ्यातल्या, बगळ्यासारखी एका पायावर उभी रायते, म्हणायचा, आन् लाट आली का दुसरा पाय टाकते. मार्चमध्ये ते लोक येणार होते. त्याची तो वाट पाहत होता.

एप्रिलात भय्याजीच्या फोनवर आनंदरावाचा फोन आला. नत्थूला ताप आला, दम लागला, तिकडच्या दवाखान्यात नेलं, आणि तिकडच्याच माणसांनी तिकडेच अग्नी दिला. गाड्या बंद होत्या. मंगेश नागपुरात अडकलेला. घरी माणूसच आलं नाही, तर जाळायचं काय. मग भय्याजीनं जुन्या रीतीनं पळसाची पानं आणली, पानांचं अंग केलं, नारळाचं डोकं केलं आणि बोडीच्या काठावर त्याला अग्नी दिला. बेबीबाईनं त्या नारळाला हात लावून पाहिला होता. तो फार हलका लागला.

त्याला आता तिसरा हिवाळा चालला होता.

बांधावरून खाकरल्याचा आवाज आला. भासरे, म्हणजे थोरले दीर, येत असले की असेच लांबून खाकरत येत, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळे. पंचवीस-तीस वर्षांत भय्याजी तिच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. सांगायचं असलं तर कुंपणाला सांगायचे, बैलाला सांगायचे. आताही त्यांनी धुईलाच सांगितलं, की नागपूरचे पाहुणे आलेत, नत्थूच्या समुद्रावरचे, चौकात पत्ता विचारत होते, आणि तो गेल्याचं आपण त्यांना सांगितलं आहे.

त्यांच्या मागून एक बाई आली. पायात बूट, चिखलानं भरलेले. डोळे पुसून लाल केलेले. तिनं नाव सांगितलं, टीना. मोनाची आई.

फोनमधली माणसं खरी असतात, हे बेबीबाईला जरा उशिरानं कळलं.

टीना उभ्या उभ्याच बोलत गेली. समुद्रावर आता जात नाहीत म्हणाली. जिथं माणसं कमी, जिथं आपली गाडी आपल्यासोबत, तिथंच जायचं, ही सवय तेव्हापासून लागली ती लागली. म्हणून नागझिऱ्याला आले होते, जंगल बघायला. मोना तर पाण्यातच उतरत नाही. पोहायला घातलं, काठावर बसून राहिली. साकोलीची पाटी दिसल्यावर गाडीत एकदम बोलली, काकांचं गाव इथंच आहे, काकांनी सांगितलं होतं. हट्ट धरला. काका गेले हे आपल्याला माहीतच नव्हतं, आत्ता चौकात कळलं. मोना आणि तिचे बाबा, वीरेंद्र, पलीकडे पाळीवर पक्षी बघताहेत. तिला अजून सांगितलेलं नाही.

मग ती थांबली. तिचा एक हात दुसऱ्या हाताला धरून होता.

"त्या मार्चमध्ये," ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी मोना दोर सोडून पळाली. लाटेनं खाली ओढली तिला. काकांनी दोर टाकला आणि तिला मनगटाला धरून वर काढलं. मी काठावरून ओरडत होते. काय ओरडत होते, माहीत आहे? हात लावू नका, हात लावू नका."

बेबीबाईच्या ओटीतून दोन शेंडे खाली पडले.

"त्याच रात्री मोनाला ताप आला. आम्ही रातोरात गाडी काढली. नागपूरला आल्यावर तपासणीत तिघांनाही तोच रोग निघाला. लॉजवर कळवायला हवं होतं. नाही कळवलं. तेव्हा कुणीच कुणाला सांगत नव्हतं, मावशी. लोक कसे बघायचे, तुम्हाला माहीत आहे."

भय्याजी दुसरीकडे तोंड करून उभे होते. ते इतके स्तब्ध होते, की ऐकलं नाही असं होऊच शकत नव्हतं.

कुणाचं कुणाला लागलं, ते कोण सांगावं, असं बेबीबाईनं मनाशी म्हणून पाहिलं. टिकारामलाही ताप होता त्याच आठवड्यात. ताटं होती, चादरी होती. पण मन काही ऐकेना. एवढी वर्षं तो रोग तिला हवेतून आल्यासारखा वाटत होता, धुईसारखा, कुणाचाच नसलेला. आज त्याला पाच वर्षांच्या पोरीचं मनगट फुटलं.

टीना जवळ आली. "एक मागते. तिला सांगू नका. काका शेतावर गेलेत म्हणा. लांब गेलेत, संध्याकाळी येतील. तोवर आम्ही निघतो. ती मोठी झाली की मी सांगेन."

लांब गेलेत, संध्याकाळी येतील. हे वाक्य बेबीबाईनं स्वतःलाच किती वेळा सांगितलं होतं. चहा घेऊन जा, एवढंच ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.

पाळीवर मोना उभी होती. आठ वर्षांची असेल, लाल स्वेटर, वेणी सुटलेली. घराकडं जायचं तर तुडुमावरूनच वाट. फळी दवानं ओली होती. वीरेंद्र तोल सावरत पार झाला, टीना झाली, पण पोरगी फळीशी येऊन थांबली. खाली पाणी फार नव्हतं, तरी ती पाण्याकडंच बघत होती.

बेबीबाईनं विचार केला नाही. ओटी एका हातात गोळा केली आणि दुसरं मनगट पुढं केलं.

पोरीनं ते मनगट पाहिलं. मग न सांगता बरोबर धरलं, बोटं वर, अंगठा खाली. बेबीबाईची बोटं तिच्या मनगटाभोवती बसली. एवढंसं मनगट, लाखोरीच्या शेंड्याएवढा जोर त्यात. फळी ओलांडून झाली तरी पोरीनं सोडलं नाही.

"काका असंच धरायचे," ती म्हणाली.

धरायचे. बेबीबाईच्या कानाला तो शब्द लागला. लेकरू धरतात म्हणालं नव्हतं.

घरात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर नत्थूचा फोटो. मंडईत काढलेला, नाकातलं भोक दिसेल इतका जवळून, आणि त्याला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. टीनाच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तरी ती घाईनं म्हणाली, की काका शेतावर गेलेत, मोना, लांबच्या शेतावर.

मोनानं आईकडं पाहिलंही नाही. "हार घातलेला फोटो आहे, आई."

अंगणात कोंबडी पायानं माती उकरत होती, तेवढाच आवाज. वीरेंद्र दाराच्या चौकटीला धरून उभा, भय्याजी ओट्यावर टेकलेले. पोरगी वळली आणि सरळ बेबीबाईला विचारलं, कारण बाकीचे सांगणार नाहीत हे तिला कळलं होतं.

"मला ताप होता, म्हणून ना? मी हात धरला म्हणून."

म्हणजे हे लेकरू एवढी वर्षं हे एकटंच वाहत होतं. काठावर बसून राहत होतं ते पाण्याला भिऊन नाही. आपण ज्याला धरू तो मरतो, या भीतीनं.

बेबीबाई खाली बसली. ओटीतली भाजी सुपात ओतली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या आत एक आवाज होताच, की हो म्हण. तुझं जे गेलं त्यातलं थोडं त्यांच्याही घरी जाऊ दे. तो आवाज तिनं ऐकला, पुरता ऐकला. आणि मग म्हणाली, "नाई व माय. कोन सांगतलं तुले? त्यायले तर साप चावला."

टीनानं श्वास घेतला तो सोडलाच नाही.

"इथं?" मोनानं विचारलं.

"इथंच. समुद्रावरून आले ते चांगले तगडे आले. तापबिप काही नाई. तुह्या गोष्टी सांगे, बगळ्यासारखी उभी रायते म्हणे. मंग धान कापाले गेलो आमी. पेंढीखाली होता तो. दिसला नाई."

"औषध असतं ना सापाचं?"

"असते. पन गाडी येवाच्या आधी..." ती अडखळली. एवढ्यावर थांबता आलं असतं, लेकराला एवढं पुरे होतं. पण जीभ थांबेना. तिनं कधी न पाहिलेलं एक मरण तिच्या पुढं उभं राहिलं आणि ते तिनं दोन्ही हातांनी धरलं. "मी होती न जवळ. बांधावर निजवलं त्यायले. डोकं माह्या मांडीवर होतं. जड झालं होतं डोकं. पदरानं वारा घातला. मनगट धरलं होतं मी त्यायचं. माह्याकडे पायत पायत गेले. तरास नाई झाला काही."

पोरगी तिच्या चेहऱ्याकडं रोखून बघत होती. लहान लेकरं लबाडी चाखून बघतात, तशी. मग तिनं भय्याजीकडं मान वळवली. "तो साप कुठं गेला?"

भय्याजी म्हणजे गावात खरं बोलण्यासाठी बदनाम माणूस. सोयरिकीतही मुलाचं वय लपवत नाहीत, म्हणून त्यांना कुणी बैठकीला नेत नसे. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, परत बांधला.

"मीच मारला," ते म्हणाले. "काठीनं. एवढा होता." आणि दोन्ही हात पसरून त्यांनी साप दाखवला. हात थरथरत होते, म्हणून साप जरा हलल्यासारखा वाटला.

मोनाचे खांदे खाली आले. तेव्हा कुठं ती रडली, आणि ते रडणं साधं होतं, काका मेल्याचं, बाकी कशाचं नाही.

चहा झाला. निघताना टीना मागं राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. बेबीबाईनं त्या हातांकडं पाहिलं. हेच हात त्या दिवशी काठावरून हलले असतील. तिच्या मनात राग असा राहिला नव्हता, पण हातही उठला नाही.

"माहे हात ओले आहेत, ताई," ती म्हणाली. "लेकराले पान्यात जाऊ द्या आता."

गाडी गेली. धुई विरली होती आणि तलावावर ऊन उतरलं होतं. बेबीबाईनं सूप कोपऱ्यात ठेवलं, पदर खोचला आणि शेताकडं निघाली. अर्धं वावर खुडायचं राहिलं होतं. ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला. ती थांबली, पदर पुढं ओढला. भासरे कुंपणाशी बोलतील म्हणून वाट पाहिली. पण ते तिच्याशीच बोलले.

"त्याच्या तोंडात पानी घातलं व्हतं का तू?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हातारा तिनं रचलेल्या त्या बांधावर येऊन उभा राहिला होता, भावाच्या उशाशी.

"घातलं जी," ती म्हणाली. "दोन घोट घेतले."

"मंग बरं झालं," भय्याजी म्हणाले, आणि तोंडाला दुपट्टा लावून घरात गेले.

ती शेतात आली. ऊन अजून कोवळं होतं, पण टोकाकडचे शेंडे माना टाकायला लागले होते. ती वाकली आणि खुडू लागली.